बुसियाच्या वाटेवरची दुकानं

किसुमूहून युगांडाच्या हद्दीकडे निघालेला रस्ता मासेनोपाशी विषुववृत्त ओलांडतो आणि लुआंडा, याला, उगुन्जा, बुमाला अशी बाजारगावं घेत बुसियाला पोचतो. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचं, पण दुकान दिसत नाही असा सलग तुकडा या वाटेवर क्वचितच लागतो. पत्र्याच्या टपऱ्या, एम-पेसाची हिरवी खोकी, झाडाखाली मोटारसायकलींवर रेललेले बोडाबोडावाले, परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे म्हणजे मितुंबाचे ढीग, मक्याची गिरणी, पंक्चरवाला, शिलाई मशीन आणि जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या बायका. त्यांच्यापुढे टोमॅटो नीट रचलेले असतात, तीन-चार खाली आणि एक वर. भाव किलोचा नसतो, ढिगाचा असतो. सुकुमा विकी ही इथली रोजची पालेभाजी जुडीने मिळते, ओमेना नावाची बोटाएवढी चंदेरी सुकी मासळी डब्याने मापून. एका ओळीत सहा-सात जणी बसलेल्या, सगळ्यांकडे तेच टोमॅटो, तेवढेच ढीग आणि तोच भाव. दुपार कलते तरी निम्मे ढीग जागच्या जागी असतात.

आफ्रिकेतल्या खेड्यांना मदत करायला निघालेल्या संस्थांची पत्रकं वाचली की त्यांत एक शब्द हमखास सापडतो, उद्योजकता. ती रुजवायची, फुलवायची, तिचं प्रशिक्षण द्यायचं. या रस्त्यावर उद्योजकतेचा दुष्काळ मला तरी दिसत नाही. दिसतो तो तिचा सुकाळ. सकाळी उठून शेतात राबायचं, दुपारी बाजारात बसायचं, मुलाला बोडाबोडा चालवायला लावायचं आणि जमलं तर चार कोंबड्याही पाळायच्या, हे ज्यांना जन्मापासून करावं लागतं त्यांना धंदा म्हणजे काय हे शिकवण्यात थोडा आगाऊपणा आहे. उणीव आहे ती खिशात पैसे घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाची, आणि धंद्यात घालायला वेळेवर हाती येणाऱ्या एकगठ्ठा रकमेची. छोटा धंदा गावात पैसा आणतो असं आपण धरून चालतो. पश्चिम केनियातला पुरावा बहुतेक वेळा याच्या उलटा जातो. गावात पैसा आला की छोटा धंदा तगतो, आणि तो आला नाही तर सहा जणींच्या ओळीत सातवी येऊन बसते एवढंच होतं.

हा भाग संशोधकांनी इतका पिंजून काढलाय, की खेड्यातल्या पैशाबद्दल आज जगाला जे पक्कं माहीत आहे त्यातलं बरंचसं या दोन-तीन जिल्ह्यांतून आलंय. पण अभ्यासांकडे वळण्याआधी थोडा इतिहास पाहायला हवा, कारण इथे पैसा कुठून येतो याचं उत्तर तिथे आहे. १९०१ साली मोंबासाहून निघालेली रेल्वे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आजच्या किसुमूत, पोचली. ती बांधायला तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, नेले होते. मागोमाग कच्छ-काठियावाडचे दुकानदार आले, कचेऱ्यांत गोव्याचे कारकून बसले. त्या काळी इथलं चलन रुपया होतं, ते १९२०पर्यंत. इंग्रज सरकारने झोपडीमागे कर बसवला आणि तो रोख मागितला. रोख हवी तर काही विकायचं किंवा मजुरीला बाहेर पडायचं. कच्छचा अल्लीदिना विश्राम रेल्वेच्या कडेने दुकानं टाकत युगांडापर्यंत गेला आणि शेतमालाचा खरेदीदार झाला. पण ज्यांच्याकडे विकायला फारसं काही नव्हतं त्या इथल्या लुओ आणि लुह्या जमातींच्या घरांतले पुरुष रेल्वेत, मोंबासाच्या गोदीत, केरिचोच्या चहामळ्यांत आणि पुढे नैरोबीत गेले. तेव्हापासून या गावांतल्या चुलीचा निम्मा भार मनिऑर्डरीवर. कोकणातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून सफारिकॉम या मोबाईल कंपनीने मार्च २००७मध्ये एम-पेसा आणलं तेव्हा जाहिरात एवढीच होती की घरी पैसे पाठवा. साध्या मोबाईलवरून नैरोबीतला मुलगा पैसे पाठवणार आणि गावातली आई खोक्यावर जाऊन ते सुटे करून घेणार. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली या सोयीचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने एम-पेसामुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं, म्हणजे देशातली दोन टक्के, दारिद्र्यातून वर आली, आणि १ लाख ८५ हजारांच्या आसपास बायका केवळ शेतीवरून धंद्याकडे वळल्या. त्या बायकांना उद्योजक बनवायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पैसा येण्याची वाट सोपी झाली, अडीअडचणीला भावाकडून, नवऱ्याकडून तासाभरात रक्कम येईल याची खात्री झाली, आणि हातचे चार पैसे धंद्यात घालण्याची भीती कमी झाली.

आता दुकानाच्या आतलं बघू. वीस शिलिंगचा साबण घ्यायला कुणी पाचशेची नोट घेऊन येतो. दुकानदाराकडे सुट्टे नसतात. तो शेजारच्या टपरीत विचारतो, तिथे नसले तर पुढच्या. तेवढा वेळ दुकान उघडं टाकावं लागतं, किंवा गिऱ्हाइकाला ‘नंतर ये’ म्हणावं लागतं, आणि नंतर कोणी येत नाही. पश्चिम केनियातल्या छोट्या दुकानांवर झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की निव्वळ सुट्ट्या पैशांअभावी ही दुकानं नफ्याच्या ५ ते ८ टक्के गमावतात. हा आकडा लक्षात ठेवून दुसऱ्या एका आकड्याकडे पाहा. जगभरच्या व्यवसाय-प्रशिक्षणाच्या अभ्यासांचा एकत्र आढावा डेव्हिड मॅकेन्झी यांनी घेतला आहे, त्यात प्रशिक्षणाने विक्री आणि नफा सरासरी ५ ते १० टक्क्यांनी वाढतो असं दिसतं. म्हणजे खर्चाच्या वह्या, फळा, चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्रासकट चालणाऱ्या वर्गांतून साधारण जेवढं मिळतं तेवढंच गल्ल्यात सुट्टे नसल्याने जातं. प्रशिक्षण फुकट आहे असं मी म्हणत नाही. सुट्ट्यांच्या त्या अभ्यासातही, किती विक्री बुडते हे दुकानदाराला वरचेवर विचारल्यावर तो सुट्टे बाळगू लागला. नुसतं लक्ष वेधलं तरी फरक पडला. टोगोच्या लोमे शहरात तर वेगळ्या धाटणीचं, स्वतः पुढाकार घ्यायला शिकवणारं प्रशिक्षण दिलं, तेव्हा नफा ३० टक्क्यांनी वाढला होता. पण लोमे राजधानी आहे, बंदर आहे, तिथे नवीन काही करून पाहिलं तर घेणारा सापडतो. बुमालाच्या बाजारात सातव्या टोमॅटोवालीने कितीही पुढाकार घेतला तरी टोमॅटो खाणारी तोंडं तेवढीच राहतात.

बुमालाचं नाव अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आलंय ते वेगळ्या कारणाने. पास्कलिन दुपास आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी तिथल्या बाजारात बसणाऱ्या बायकांना आणि सायकलवर प्रवासी नेणाऱ्या पुरुषांना बचत खाती उघडून दिली. खातं असं की त्यावर व्याज नाही, उलट पैसे काढायला आकार. शहाणा माणूस असल्या खात्याच्या वाटेला जाणार नाही असं वाटावं. तरी बायकांतल्या बऱ्याच जणींनी ते वापरलं आणि धंद्यात घातलेली त्यांची रक्कम चांगली वाढली. सायकलवाल्यांना मात्र काही फरक पडला नाही. यातून निघतं ते असं की बाजारातली बाई कमवत नाही असं नाही. कमावलेलं तिच्याजवळ टिकत नाही. घरी नेलेला पैसा नवऱ्याचा, दिराचा, शेजारच्या आजारपणाचा आणि शाळेच्या फीचा असतो. मागणाऱ्याला नाही म्हणण्यासाठी एक सबळ कारण हवं असतं, आणि सहजी न निघणारे पैसे हे ते कारण.

गावांनी हे कारण आपापल्या परीने आधीच शोधलेलं आहे. केनियात बायकांचे चामा असतात. दर आठवड्याला सगळ्यांनी रक्कम घालायची आणि पाळीपाळीने एकीने ती उचलायची. ही आपली भिशीच. तिची पुढची पायरी १९९१मध्ये नायजर देशातल्या मराडी भागात केअर या संस्थेने बसवली आणि आता ती आफ्रिकाभर पसरली आहे. पंधरा ते पंचवीस बायकांचा गट, एक लोखंडी पेटी, पेटीला तीन कुलुपं. तीन किल्ल्या तीन घरी, पेटी चौथ्या घरी. सभेला तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. उघडली की मागच्या वेळची शिल्लक सगळ्यांदेखत मोठ्याने मोजतात, प्रत्येक बाई आपले हिस्से विकत घेते, तिच्या पासबुकात हिश्शामागे एक शिक्का पडतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही शिक्के मोजता येतात. उशिरा आलीस तर दंड, सभेत फोन वाजला तर बऱ्याच ठिकाणी तोही दंड. जमलेल्या पैशांतून गटातल्यांनाच कर्ज, बहुतेकदा महिन्याला दहा टक्क्यांच्या आसपास व्याजाने. वर्ष संपताना पेटी रिकामी करून सगळं व्याजासकट वाटून टाकायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्याकडच्या बचत गटाचं गाडं बँकेच्या कर्जाकडे वळलं. इथे बँक बाहेरच ठेवली आहे. हिशेब वर्षाकाठी मोडत असल्यामुळे घोळ साठत नाही, ही यातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती.

महिना दहा टक्के म्हटल्यावर आपल्याला सावकार आठवतो. फरक एवढाच की हे व्याज गटाबाहेर जात नाही, वर्षअखेरीस हिश्शाप्रमाणे परत येतं. याच देशात २०१२पासून मोबाईलवर मिळणारं एम-श्वारी कर्ज महिन्याला साडेसात टक्के आकारतं, आणि तो पैसा गावातून निघून जातो. २०२२ची निवडणूक तर ‘हसलर’ म्हणजे धडपड्या गरिबाच्या नावावर लढली गेली, आणि त्याच वर्षी नव्या सरकारने हसलर फंड काढला: पाचशे ते पन्नास हजार शिलिंग, वर्षाला आठ टक्के, परतफेड चौदा दिवसांत. व्याजदर रास्त आहे, मुदत हास्यास्पद आहे. पाचशे शिलिंगमध्ये आणि चौदा दिवसांत होतो तो किराणा. आपल्याकडे अशा कर्जाला खावटी म्हणतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त त्याला उद्योगाचं भांडवल म्हणू नये. सूक्ष्मकर्जाने गरिबी हटेल ही आशाही आता मावळली आहे. इथिओपिया, मोरोक्को आणि आपलं हैदराबाद धरून सहा देशांतले काटेकोर अभ्यास २०१५मध्ये एकत्र छापले गेले. कर्जाने काहींना हात दिला, पण सर्वसाधारण घराची मिळकत त्याने बदलली नाही.

पेटीबद्दलही तेवढंच स्पष्ट बोलायला हवं. घाना, मालावी आणि युगांडा या तीन देशांत बचत गटांची पाहणी झाली, ती २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. घरच्या धंद्याची स्थिती सुधारलेली दिसली, बायकांचा घरात शब्दही वाढला. खाण्यापिण्यावरचा खर्च मात्र सरासरीने वाढला नाही. वाढेल कसा? पेटीत पैसा येतो तो गावातलाच. पेटी चिल्लर गोळा करून तिची एकगठ्ठा रक्कम करते, नवा पैसा आणत नाही. वेळेवर मिळालेल्या एकगठ्ठा रकमेची किंमत मात्र कमी लेखू नये. ती किती, हे मक्याच्या हिशेबात दिसतं. बुमालाहून उत्तरेला बुंगोमा जिल्हा लागतो. मका निघाला की भाव पडतो आणि पुढच्या टंचाईच्या महिन्यांत तो २५ ते ४० टक्क्यांनी चढतो. शेतकऱ्याला हे पाठ आहे. तरी तो पडत्या भावात विकतो, कारण जानेवारीत शाळेची फी भरायची असते. मे-जूनमध्ये तोच माणूस तोच मका चढ्या भावाने विकत घेतो. वन एकर फंड या संस्थेने मका निघताना कर्ज देऊन पाहिलं, म्हणजे विकायची घाई टळावी. कर्ज घेणाऱ्यांना गुंतवणुकीवर सरासरी २९ टक्के परतावा मिळाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिथे बऱ्याच जणांनी कर्ज घेतलं तिथे बाजारभावाचे चढउतारच सौम्य झाले आणि कर्ज न घेतलेल्या शेजाऱ्यांचाही फायदा झाला. आपल्याकडे कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१पासून नेमकं हेच करते. तिचं कौतुक आपण फारसं करत नाही, कारण त्यात कुणाची यशोगाथा सांगता येत नाही.

आता उगुन्जावरून सियाया जिल्ह्याच्या आतल्या बाजूला वळावं. लाल मातीचे रस्ते, मका, कसावा, चिखलाच्या भिंतींची घरं. काहींवर गवत, काहींवर चकचकीत पत्रा. २०१४ ते २०१७च्या दरम्यान गिव्हडायरेक्टली या संस्थेने इथल्या ६५३ गावांच्या परिसरात गवताच्या छपराची घरं हेरून सुमारे साडेदहा हजार कुटुंबांना प्रत्येकी जवळपास एक हजार डॉलर दिले. अट काही नाही, प्रशिक्षण नाही, धंद्याचा आराखडा नाही. ज्या वर्षी सर्वांत जास्त पैसा आला त्या वर्षी तो स्थानिक उत्पन्नाच्या १५ टक्क्यांहून अधिक होता. एवढा मोठा लोंढा खेड्यांत क्वचितच येतो, म्हणूनच त्याचे परिणाम मोजता आले. त्यातून अशी गोष्ट निघाली की दिलेल्या एका डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवहारात अडीच डॉलरच्या आसपास भर पडली. ज्यांना काही मिळालं नव्हतं त्यांचीही मिळकत आणि खर्च वाढला. दुकानांची विक्री वाढली. दुकानांची संख्या मात्र फारशी वाढली नाही, आणि असलेल्या दुकानदारांनी नवीन गुंतवणूकही फार केली नाही.

अडीच पट आलं कुठून? बाजारगावातल्या गिरणीकडे पाहिलं की उलगडा होतो. गिरणीचं इंजिन, पट्टा, जातं आणि चालवणारा माणूस सगळं असतं. नसतो तो दळणाचा डबा घेऊन येणारा. दिवसातला बराच वेळ गिरणी बंद असते आणि गिरणीवाला बाहेर बाकावर. सकाळी चार डबे दळायचे त्या जागी दहा आले तर त्याला नवं यंत्र लागत नाही, दुसरा माणूसही लागत नाही. डिझेल तेवढं जास्त. शिंप्याचं तेच, दुकानदाराचं तेच, बोडाबोडावाल्याचं तर अगदी तेच. छोटा धंदा म्हणून जे आपण पाहतो ते पुष्कळसं रिकामं बसून वाट पाहणं असतं, आणि गिऱ्हाईक आलं की ते रिकामं बसणंच उत्पन्न होतं. मग सातवी टपरी उभी करायला मदत करावी की आधीच्या सहांकडे येणारं गिऱ्हाईक वाढवावं? माझं उत्तर उघड आहे.

याला पहिला आक्षेप येतो तो दारूचा. फुकट पैसा मिळाला की पुरुष पिणार, काम सोडणार. जगभरच्या एकोणीस अभ्यासांचा ताळा घेऊन डेव्हिड एव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी दाखवलं की थेट रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. दुसरा आक्षेप महागाईचा. सियायात भाववाढ सरासरी ०.१ टक्का मोजली गेली, कारण गिरणी बंद पडून होतीच, ती सुरू झाली इतकंच. तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. पैसे देणारे परदेशी दाते उद्या गेले तर? या हिशेबावर जिल्हा कायमचा चालवता येत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण प्रयोगाने जी गोष्ट दाखवली ती दात्यांपुरती नाही. बाहेरून येणारा कोणताही पैसा, मुलाने पाठवलेला, पिकाच्या विक्रीचा, सरकारी पेन्शनचा, गावात असाच फिरतो. केनियाचं सरकार सत्तरीपुढच्या वृद्धांना इनुआ जमी योजनेतून महिना दोन हजार शिलिंग देतं, आणि ते वेळेवर येत नाहीत ही तिथली जुनी तक्रार. उद्योजकतेचे आणखी चार कार्यक्रम काढण्यापेक्षा ते पेन्शन दर महिन्याला ठरल्या तारखेला पोचवलं तर टोमॅटोच्या ढिगांचं जास्त भलं होईल असं मला वाटतं. आणि वाटायचं कसं यावरही केनियातच पुरावा आहे: तेवढीच रक्कम महिन्यामहिन्याने दोन वर्षं देण्यापेक्षा एकगठ्ठा दिली तर धंदे जास्त निघाले. ज्यांना बारा वर्षं दरमहा मिळण्याचं वचन होतं त्यांनी काय केलं? भिश्या लावल्या आणि आपली एकगठ्ठा रक्कम आपणच तयार केली.

माझ्या म्हणण्यावर याहून अवघड आक्षेप मात्र सरोवराच्या काठावरून येतो. ओमेनाला गिऱ्हाईक नाही असं कोणी म्हणणार नाही. रात्री दिवे लावून ती पकडतात, सकाळी काठावर जाळ्यांवर वाळत घालतात, आणि किसुमूपासून बुसियापर्यंत ती प्रत्येक बाजारात असते. मोठा नाइल पर्च कारखान्यांत जातो आणि परदेशी पोचतो. ओमेनाचा व्यापार बायकांच्या हाती. तरीही या बायका त्यातून वर येत नाहीत, कारण होड्या पुरुषांच्या आणि मासळी कमी झालेली. मासळी मिळावी म्हणून होडीवाल्याशी शरीरसंबंध ठेवावा लागतो. या प्रकाराला इथे जाबोया असं नाव आहे, आणि सरोवराकाठच्या एचआयव्हीच्या प्रसाराशी त्याचं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक असून भागत नाही, साधन कोणाच्या मालकीचं हेही पाहावं लागतं, हे मी इथे कबूल करतो. न्दुरू या काठावरच्या गावात २०११पासून बायकांच्या एका गटाने बाहेरच्या मदतीने स्वतःच्या होड्या घेतल्या, पुरुषांना पगारी कामावर ठेवलं आणि जाबोया नाकारलं. लाकडी होड्या काही वर्षांत कुजतात, दुरुस्तीला पैसा लागतो, तरी गाडं चाललं. मग २०२०मध्ये सरोवराची पातळी चढली आणि गावच पाण्याखाली गेलं. धंदा टिकाऊ आहे की नाही हे त्या बायकांच्या चिकाटीवर ठरलं नाही. पुराचा विमा, उंचावरची जमीन, काठाचा रस्ता या गोष्टी एका बचत गटाच्या पेटीत मावत नाहीत.

हद्द ओलांडून उत्तर युगांडात गेलं की टिकाऊपणाचा प्रश्न आणखी नेमका होतो. तिथे लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाशी चाललेली लढाई निवल्यावर सरकारने २००८च्या सुमारास तरुणांच्या गटांना, डोई साधारण ३८२ डॉलर पडतील इतकं अनुदान दिलं. त्यांनी शिवणकाम, सुतारकाम, वेल्डिंग, केस कापणं अशी कामं शिकून अवजारं घेतली. चार वर्षांनी त्यांची मिळकत इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती, आणि ते अहवालांत पोचलं. नऊ वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा अनुदान न मिळालेल्यांनी त्यांना गाठलेलं होतं. कारागिरी आणि अवजारं यांतली आघाडी उरली, मिळकतीतली उरली नाही. याला अपयश म्हणणारे आहेत. मधल्या वर्षांची जादा मिळकत खोटी नव्हती, त्यावर मुलं वाढली, घरं शाकारली गेली, हे ते विसरतात. पण कौतुक करणाऱ्यांनीही एक गोष्ट पाहावी. शिलाई मशीनला मर्यादा घालणारी गोष्ट मशीनमध्ये नसते. गावात कापड शिवून घेणाऱ्यांची ऐपत वाढली नाही तर शिंपी एका उंचीवर येऊन थांबणार, आणि मागून येणारे तिथेच पोचणार.

त्याच भागात लिरा शहराभोवती तेलगिरण्या उभ्या राहिल्या आणि लांगो प्रदेशातल्या शेतकऱ्यांना सूर्यफुलाचा रोख खरेदीदार मिळाला. गिरणी म्हणजे छोटा उद्योग नव्हे. तिथे भाव गिरणी ठरवते आणि एकट्या शेतकऱ्याचं तिच्यापुढे चालत नाही, म्हणून गट करून माल एकत्र विकावा लागतो. पण सूर्यफूल विकून आलेली रोकड हंगामाला गावात एकदम उतरते, आणि शाळेच्या गणवेशासाठी माप द्यायला लोक शिंप्याकडे येतात. गरिबांसाठी छोटा उद्योग काढायला निघालेल्या कुणी मला सल्ला विचारला तर मी त्याला आधी लिराचे खरेदीचे भाव, बुंगोमाची गोदामं आणि इनुआ जमीच्या पेन्शनच्या तारखा बघायला सांगेन. शिलाई मशीनचं त्यानंतर बोलू.